एका आडनावाचे अनेक धनी

(हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



२ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी आझाद दस्ता या क्रांतिकारकांच्या तुकडीला गाठले. गोळीबारात दोघे पडले. एक माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा कर्जत तालुका भाई म्हणून ओळखतो. दुसरे मानिवलीचे हिराजी पाटील. विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडणाऱ्या या तरुणांची कथा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ती पुन्हा सांगायची गरज नाही. त्यांच्या आडनावांपाशी मात्र सहसा कुणी थांबत नाही.

कोतवाल हा बंदोबस्ताचा हुद्दा. जुन्या शहरांत रात्रीची गस्त, चोऱ्यांचा तपास, बाजारातली वजनेमापे हे सारे कोतवालाच्या अखत्यारीत असे. पाटील हा गावच्या वसुलीचा वतनदार, सरकार आणि रयत यांच्या मधला दुवा. सरकारचे काम करण्यावरून पडलेली ही दोन नावे, आणि ती लावणारे दोघेही सरकारच्याच पोलिसांच्या गोळीला बळी पडले. भाईंचे घराणे नाभिकाचे. आडनावात कोतवाली होती, घरात वस्तरा होता, आणि मुलगा वकिली शिकून माथेरानच्या नगरपालिकेत बसला.

आता याची दुसरी बाजू पाहावी. दिल्लीचा १८५७ पर्यंतचा अखेरचा कोतवाल म्हणजे गंगाधर नेहरू, जवाहरलालांचे आजोबा. प्रत्यक्ष कोतवाली करूनही या घराण्याला कोतवाल हे नाव चिकटले नाही. मूळचे ते काश्मीरचे कौल. दिल्लीत नहरीच्या काठी घर मिळाले म्हणून कौल-नेहरू झाले, आणि पुढे कौल गळून नुसते नेहरू उरले. तिकडे मुंबईत वाडियाजी आतश बेहरामचे दस्तुरजी म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते फिरोज कोतवाल पारशी. कोतवाली केलेला नेहरू झाला. कोतवाल हे नाव एका नाभिकाकडे आणि एका पारशी धर्मगुरूकडे. या तिघांना एका वंशवृक्षावर बसवायला निघाल तर झाडच मोडेल.

आडनाव म्हणजे रक्ताची खूण, ही समजूत मराठी मनात फार खोल आहे. गाडीत शेजारच्या प्रवाशाचे आडनाव आपलेच निघाले की पहिला प्रश्न येतो, "मूळचे कुठले तुम्ही?" दुसरा प्रश्न ओठांवर असतो, पण विचारला जात नाही. या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच, की एकच आडनाव दोघांकडे असणे हा बहुधा एकाच प्रकारच्या नोंदीचा पुरावा असतो: हुद्द्याची, गावाची, बापाची, किंवा एखाद्या घाईत असलेल्या कारकुनाची नोंद. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात हे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. आणि इथे त्यातून प्रसंगी पोटाचा प्रश्नही उभा राहतो, तो शेवटी येईल.

हुद्द्यांचे आधी उरकू. खोपोलीचा तलाव आणि काठावरचे वीरेश्वराचे देऊळ नाना फडणविसांनी बांधवले. नानांचे घराणे भानूंचे. फडावर बसून हिशेब लिहिणारा तो फडणवीस, हे त्यांच्या घरात चालत आलेले काम. जगाने कामच लक्षात ठेवले आणि भानू विसरून गेले. नाना कोकणस्थ होते, नागपूरच्या देवेंद्र फडणवीसांचे घराणे देशस्थ. दोघांच्या नावात समान आहे तो फड. चौक-कर्जत रस्त्यावर ज्यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला ते कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई मराठी, मोरारजी देसाई गुजराती अनाविल, आणि गोव्यात, कर्नाटकात तर देसायांची गावेच्या गावे. परगण्याचा अंमलदार जिथे जिथे देसाई म्हणून नेमला गेला, तिथे तिथे हे नाव रुजले. म्हात्रे हे आगऱ्यांतले नाव जुन्या ताम्रपटांतल्या महत्तरापर्यंत, म्हणजे गावच्या वडीलधाऱ्यापर्यंत जाते. कोकणी मुसलमानांतही देशमुख आहेत, चौगुले आहेत, नाईक आहेत. धर्म बदलला तरी वतन कोण सोडतो?

हे काही आपल्याच मातीचे वैशिष्ट्य नाही. स्कॉटलंडात बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने वॉल्टर नावाच्या सरदाराला आपला मुख्य कारभारी नेमले. त्या हुद्द्याचे नाव स्टुअर्ड. हुद्दा वंशपरंपरेने चालला, त्याचे स्ट्यूअर्ट हे आडनाव झाले, आणि १३७१ साली याच घराण्यातला रॉबर्ट गादीवर बसला. कारभाऱ्याचे आडनाव राजघराण्याचे नाव झाले. आपल्या पेशव्यांची गाडी या मुक्कामाला पोचली नाही, पण फार मागेही राहिली नव्हती.

स्कॉटलंड इथे ओढूनताणून आणलेले नाही. ते माथेरानच्या डोंगरावर आधीच आलेले आहे. कर्जत ठाणे जिल्ह्यात होते त्या काळात, १८५० साली, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला तळ टाकून होता. तिथून तो माथेरान चढला आणि त्याला ती जागा भावली. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन तिथे रमला, त्याने बंगला बांधवला आणि माथेरानला साहेबांची हवा लागली. हाच तो एल्फिन्स्टन, ज्याचे नाव परळच्या स्टेशनाला होते आणि २०१८ साली जाऊन तिथे प्रभादेवी आले. एल्फिन्स्टन कॉलेज मात्र त्याच्या काकाचे, माउंटस्टुअर्टचे. एकाच आडनावाच्या दोन गव्हर्नरांमुळे मुंबईकरांचा गोंधळ दीडशे वर्षे चालला आहे, आणि इथे तर ते खरोखरच नात्यातले होते.

मुळात एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन परगण्यातले एक गाव. त्या जमिनीच्या धन्यांनी गावाचेच नाव लावले. आपल्या भाषेत ते एल्फिन्स्टनकर. पण इथे एक मजेदार फरक आहे. स्कॉटलंडचा जमीनदार आपल्या गढीत बसून आपल्याच गावाचे नाव लावी. नाव आणि जमीन एकच असलेल्या अशा घराण्यांचा तिकडे वेगळा मान असे. आपल्याकडे ‘कर’ लागायला गाव सोडावे लागते. वाक्रुळात राहणाऱ्याला वाक्रुळकर म्हणायचे कुणाला सुचणार? तिथे सगळेच वाक्रुळकर. माणूस पेणला गेला, पनवेलला गेला, मुंबईत गोदीवर लागला, म्हणजे मग मागचे गाव त्याच्या नावाला येऊन बिलगते. स्कॉटलंडात गावाचे नाव मालकी सांगते, कोकणात ते स्थलांतर सांगते.

कर्जतकर या नावाची तर आणखी पंचाईत. एक कर्जत इथे उल्हास नदीच्या काठी, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. खालापूर तालुक्यातले महड अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे, आणि रायगड पायथ्याकडचे महाड चवदार तळ्याचे; एका कान्याच्या फरकाने भाविक चुकीच्या एसटीत बसायचे प्रसंग येतात. या वरदविनायकाचे देऊळ १७२५ साली बांधणारे सुभेदार रामजी महादेव बिवलकर, म्हणजे तेही ‘कर’च.

‘कर’ नावांचा सर्वांत चोख नमुना रायगडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचा. वाक्रुळ पेण-खोपोली रस्त्यावर आहे, आणि वाक्रुळकर या समाजात सापडतात. केहिमकर किहीमचे, चेऊलकर चौलचे, रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज. गावाने त्यांना शनवार तेली म्हटले आणि त्यांनी गावाचे नाव घेतले. हिंदी सिनेमातले डेव्हिड, ज्यांना ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा म्हणून जुने प्रेक्षक विसरणार नाहीत, त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

यातले एकच नाव जरा जवळून न्याहाळावे. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. बायबलातल्या दोन संदेष्ट्यांना मराठी ‘जी’ लावून अंगरखा-पागोटे चढवले आहे. उच्चार कोकणी, मूळ हिब्रू, आणि शेवटी गाव. नुसते नाव ऐकून कुणी सामाजींना शिंद्यांच्या सैन्यातला शिलेदार समजले तर त्याचा दोष काय? दिवेकर ब्राह्मणांतही आहेत. दिवे नावाच्या गावातून निघालेल्या कुणालाही हे नाव मोकळे होते. पुढे १८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या शाळांत बेने इस्रायलांची मुले हिब्रू शिकली, आणि सामाजींचे हळूहळू पुन्हा सॅम्युएल होऊ लागले. आणि विल्सन तरी काय? विलचा मुलगा.

बापाचे नाव पुढे आडनाव व्हावे ही रीत स्कॉटलंड-आयर्लंडात इतकी रुळली, की तिकडची कितीतरी नावे ‘मॅक’ आणि ‘ओ’ने सुरू होतात. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरूचे वंशज ते ओब्रायन. माथेरानच्या छोट्या गाडीचे नाव काढले की आदमजी पीरभाई आठवतात. १९०७ साली नेरळहून वर जाणारी ती दोन फुटी रुळांची गाडी या बोहरा घराण्याने स्वतःच्या पैशाने सुरू केली. रूळ टाकण्याचे काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनी पाहिले. या नावात मुलगा, बाप आणि आजा अशा तीन पिढ्या ओळीने उभ्या आहेत. आयर्लंडात तो नक्की मॅक-आदम ओ-पीर झाला असता.

सरकारला मात्र लोकांची नावे आपल्या सोयीची लागतात. १४६५ साली इंग्लंडच्या राजवटीने डब्लिनभोवतीच्या आयरिश रहिवाशांना हुकूम काढला की आयरिश नावे सोडा आणि इंग्रजी आडनावे घ्या: एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे. घ्यायची नावेही कायद्यात सांगितली होती. रंग म्हणून व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, धंदा म्हणून स्मिथ आणि कार्पेंटर. म्हणजे आज डब्लिनमधल्या एखाद्या स्मिथच्या खापरपणज्याने कधी ऐरणीवर घण घातला असेल असे नाही. त्याने कायदा पाळला असेल, इतकेच. स्कॉटलंडात १६०३ साली मॅकग्रेगर हे नावच गुन्हा ठरले. त्या घराण्यातल्यांनी मरे, ग्रँट, कॅम्बेल अशी जी मिळतील ती नावे पांघरली. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय आईचे कॅम्बेल नाव लावीत असे. ही बंदी १७७४ साली कायमची उठली. आज तिकडच्या एखाद्या कॅम्बेलच्या आत मॅकग्रेगर दडलेला असू शकतो.

नाव काढून घेतले जाणे आणि परत मिळणे, हे चौकच्या लोकांना नवे नाही. प्रतिशिवाजी म्हणवले गेलेले सरनौबत नेताजी पालकर चौकचे. १६६७ साली औरंगजेबाच्या कैदेत धर्मांतर होऊन त्यांचे मुहम्मद कुली खान झाले, १६७६ साली महाराजांनी त्यांना विधीपूर्वक परत घेतले आणि ते पुन्हा नेताजी पालकर झाले. नऊ वर्षे मोगल दप्तरात कुली खानाच्या नावाने हुकूम सुटत राहिले. आता पालकर म्हणजे पालचे. पण पाल रावेरजवळ आहे, पाल कराडजवळ खंडोबाचे आहे, आणि आणखीही आहेत. महाराष्ट्रभरच्या पालकरांना सरनौबताचे वारस म्हणवून घ्यायला आवडते. त्यांना कोण आणि कशाला अडवणार?

दप्तरात नाव बदलायला दर वेळी बादशहाही लागत नाही, शाळामास्तर पुरतो. रामजी सकपाळांच्या मुलाचे नाव गावावरून आंबडवेकर असे शाळेत लागले होते. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश घेतलेल्या मुलाचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. पुढे काय झाले ते सगळे जाणतात. आंबडवे आणि आंबेड ही दोन निराळी गावे, पण आज कुणालाही त्या नावाने गाव आठवत नाही.

आता कुळीच्या नावांकडे वळू, कारण खरी भांडणे तिथेच होतात. पवार धारचे आणि देवासचे राजे. पवार मराठे, पवार बौद्ध, पवार धनगर. आणि कर्जत-खालापूरच्या कुठल्याही कातकरवाडीत गेलात तर तिथेही पवार आहेत, जाधव आहेत, वाघमारे, मुकणे, हिलम यांच्या शेजारी. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे सिंदखेडचे जाधव आणि कात पाडून, कोळसा पाडून, वीटभट्टीवर राबून जगणारे जाधव यांना एका पंक्तीला बसवायचा विचार जुन्या काळी कुणी केला नसता. लाड हे नाव घ्यावे: मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड गोव्याकडचे सारस्वत, प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड कुंडलचे. आणि कर्जतचे माजी आमदार सुरेश लाड. कातकऱ्यांच्या पवारांनी धारच्या पवारांकडून नाव चोरले का, हा प्रश्न शहरात अधूनमधून ऐकू येतो आणि तो मूर्खपणाचा आहे. स्कॉटलंडात मॅकडोनाल्ड सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्यासाठी लढणारे कुळवाडी त्याचेच नाव लावीत. धन्याचे नाव लावणे म्हणजे त्याच्या आश्रयाखाली असणे. पितृत्वाचा दावा त्यात नव्हता. आयर्लंडात मर्फी हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव, पण वेक्सफर्डचे मर्फी आणि टिरोनचे मर्फी वेगवेगळ्या मूळपुरुषांपासून निघाले. तिकडे ही गोष्ट शाळेतली मुले सहज मान्य करतात. आपल्याकडे शाण्णव कुळींच्या याद्या घेऊन लोक रात्र रात्र वाद घालतात, आणि दोन याद्या एकमेकींशी कधी जुळत नाहीत.

गावात मात्र हा गोंधळ होत नाही. अर्धे गाव पाटील असले तरी तळ्यावरचे पाटील, गुरुजींचे पाटील, वरच्या आळीतले पाटील असे निवडून घेतलेले असतात, आणि पोस्टमन बदलला तरच पत्रे चुकतात. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बकीसारख्या मासेमारीच्या गावांत स्मिथ आणि काउई इतके झाले, की प्रत्येक घराला एक टोपणनाव पडले. ते टी-नेम म्हणून सरकारी यादीतही लिहावे लागे. आपल्या तलाठ्यांना अजून तेवढे सुचलेले नाही. त्यांचा भर सातबाऱ्यावरच्या बापाच्या नावावर.

नावसाधर्म्य किती महाग पडते याचा हिशेब याच जिल्ह्याच्या नावाच्या मतदारसंघात लागला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवले. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे अपक्ष म्हणून होते. त्यांना ९,८४९ मते पडली. पुढच्या वर्षापासून निवडणूक आयोगाने मतदानयंत्रावर उमेदवारांचे फोटो छापायला सुरुवात केली. कर्जत-खालापूर मावळ मतदारसंघात असल्याने इथल्या मतदारांनी हा तमाशा शेजारच्या ओट्यावरून पाहिला.

आता तो पोटाचा प्रश्न, म्हणजे जमातीच्या दाखल्याचा. माथेरानच्या उतारांवर, पेठच्या कोथळीगडाखाली, चौकच्या वर इरशाळगडाच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, त्या बहुतेक ठाकरांच्या किंवा कातकऱ्यांच्या. ल. ना. चापेकरांनी ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ या १९६० साली निघालेल्या पुस्तकात या जमातीचा तपशीलवार अभ्यास मांडला. लोक स्वतःला ठाकर म्हणतात. त्यांच्यात क आणि म असे दोन भाग, त्यांच्या चालीरीती निराळ्या. आणि आडनावे? पारधी, वाघ, दरवडा, आगिवले, बांगारे. ठाकर हे जमातीचे नाव, आडनाव नव्हे. सरकारी कागदावर मात्र ‘ठाकर’चे ‘ठाकूर’ होऊन बसले आहे, कारण लिहिणाऱ्याला तोच शब्द माहीत होता.

म्हणजे घोळ असा. वाडीतला पारधी हा ठाकर आहे. पण पारधी नावाची वेगळी जमात अनुसूचित यादीत स्वतंत्रपणे आहे, आणि हा तिच्यातला नव्हे. पनवेल-उरणकडे ठाकूर आडनावाची घराणी आगऱ्यांत आहेत. त्यांचा या जमातीशी संबंध नाही. उत्तरेत ठाकूर म्हणजे राजपूत जमीनदार. बंगालात कुशारी नावाचे ब्राह्मण कोलकात्याच्या नदीकाठी राहायला आले, लोक त्यांना आदराने ठाकूर म्हणू लागले, इंग्रजांनी त्याचे टागोर केले. आणि बिहारात ठाकूर हे नाभिकांचे आडनाव; ज्यांना २०२४ साली मरणोत्तर भारतरत्न मिळाले ते कर्पूरी ठाकूर त्यातले. कर्पूरी ठाकूर आणि भाई कोतवाल एकाच धंद्याच्या घरांत जन्मले आणि दोघेही बेचाळीसच्या लढ्यात उतरले. नावावरून हे ओळखायची सोय नाही.

१९५० नंतरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क-ठाकूर, म-ठाकूर अशी नोंद होती, पण ती अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतल्या ठराविक भागांपुरती. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. त्यातले कर्जत आणि खालापूर हे तालुके त्या भागात होते. डोंगराच्या या बाजूला असलात तर आदिवासी, वर चढून दुसऱ्या तालुक्यात स्थायिक झालात तर नाही, असा तो हिशेब. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा काढली. ते रास्तच होते. पण मर्यादा उठताच राज्यभर ज्यांच्या दाखल्यावर ठाकूर लिहिलेले होते त्या सर्वांना यादीतला तो शब्द आपलाच वाटू शकत होता. खानदेशात आणि विदर्भात भाट ठाकूर आहेत, राजपूत ठाकूर आहेत. खरे कोण आणि नावापुरते कोण, हे ठरवायचे कसे?

यातून जमातीचे दाखले तपासणाऱ्या पडताळणी समित्या आल्या. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पद्धत घालून दिली, आणि २००१ पासून महाराष्ट्रात त्यासाठी कायदाच लागू झाला. समितीचे दक्षता पथक घरी येते. शाळेच्या जनरल रजिस्टरातली आजोबांची नोंद पाहते. कुठे ‘हिंदू ठाकूर’, कुठे नुसतेच ‘ठाकर’, कुठे मोडीतले एक अस्पष्ट अक्षर. मग प्रश्न सुरू होतात: कुलदैवत कोणते, लग्नात काय काय विधी, मेल्यावर काय करता, नाच कोणता, आडनावे कोणकोणती, बोलीतले शब्द सांगा. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. कळंबोलीत जन्मलेल्या, कारखान्यात काम करणाऱ्या बापाच्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीने ठाकरांचा कांबडनाच सांगितला नाही, तर ती ठाकर नाही का? तिच्या शहरी शेजाऱ्याला आपल्या कुळाचे देवक कोणते हे तरी सांगता येईल का, हा प्रश्न समितीपुढे कुणी विचारत नाही.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याच ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या अपिलात निकाल दिला, की ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. इतर पुराव्याबरोबर तिचे वजन करावे, आणि कागद भक्कम असतील तर प्रत्येक दाव्यात दक्षता चौकशीची गरज नाही. पीठावर न्यायमूर्ती कौल, ओक आणि मिश्रा होते. नेहरूंच्या घराण्याने टाकून दिलेले आडनाव असे फिरून या गोष्टीत आले, याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही.

निकालाने भार पुन्हा कागदावर आला, विशेषतः १९५० पूर्वीच्या. आणि वाड्यांची अडचण नेमकी तिथेच आहे. ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांचा दाखला असतो. ज्यांनी आयुष्य रानात आणि धन्याच्या शेतावर काढले त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडणार? निकालानंतर चार महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या ठाकरांच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वर्तमानपत्रांनी छापलेल्या यादीत पारधी हे आडनाव पुन्हा पुन्हा येत होते. अशा यादीत आडनाव कामाला येत नाही. बापाचे नाव, वय, नाते धरून एकेक माणूस वेगळा काढावा लागतो. आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत जपलेले कागद घराबरोबरच गेले, की नव्या दाखल्यासाठी धावाधाव आलीच.

जमातीच्या दाखल्यासाठी अर्जदाराला प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते. पणजोबांपासून खाली, प्रत्येक फांदीवर नाव. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला आधी वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याचे मोल मोठे. म्हणून वाडीत एखाद्या पोराचा दाखला झाला की चुलते, चुलतभाऊ त्याची झेरॉक्स घेऊन जातात, आणि तालुक्याच्या ठिकाणी सेतू कार्यालयाबाहेर बसलेला अर्ज लिहिणारा पहिला प्रश्न आडनावाचा विचारतच नाही. तो विचारतो, "आज्याचं नाव काय, आणि तो कुठल्या वाडीचा?"